गवंड्याची नळी

२००१ च्या उन्हाळ्यात एका बुलेटचं इंजिन मी महिन्याभरात तीनदा खोललं. गाडी शेवगावकडच्या एका कापूस व्यापाऱ्याची, जुनी कास्ट आयर्नची साडेतीनशे. पहिल्यांदा तो आला तेव्हा तक्रार अगदी किरकोळ होती. पांढऱ्या पँटवर तेलाचे बारीक ठिपके पडतात, एवढंच. मी बघितलं तर ब्रीदरची नळी मागच्या चेनकडे सोडलेली आणि तिच्या टोकातून तेल टिपकत होतं. मी ती नळी उचलून बॅटरीच्या डब्यामागे कोंबली, वर पट्टी आवळली. पाच मिनिटांचं काम. पैसेही घेतले नाहीत.

आठ दिवसांनी गाडी परत. टॅपेटच्या झाकणातून तेल. पॅकिंग बदललं. पुन्हा आठ-दहा दिवसांत टायमिंग कव्हरमधून. या खेपेला पॅकिंगवर सीलंटचा जाड थर दिला आणि वर त्याला सांगितलं की आता पाणीसुद्धा जाणार नाही. तिसऱ्यांदा इंजिनाचं तेल क्रँकच्या सीलमधून क्लचकडे शिरलं आणि क्लच सटकायला लागला. शेवगाव ते नगर सत्तर-एक किलोमीटर तो क्लच सांभाळत आला. चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, “मिस्त्री, राहू द्या. गाडीखाली ठेवायला एखादं ताट असलं तर द्या.”

तीन जागा बुजवल्या आणि तिन्ही वेळा तेलाने नवी शोधली. ते असं का करतंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण मी लूनावाला होतो.

हे जरा उलगडून सांगावं लागेल. मी काम शिकलो ते १९८९ पासून, माळीवाड्याजवळच्या एका गॅरेजात. नववीनंतर शाळा सुटली होती. कायनेटिकचा कारखाना आपल्याच दौंड रस्त्याला. १९७२ साली आलेली लूना तोवर शहरात शिक्षकापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या दारात होती, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात असायचंच. आमच्या गॅरेजात दिवसाला पाच-सहा लूना यायच्या. उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट डोक्यात भरवली : केस बंद पाहिजे. क्रँकचं सील, केसचं पॅकिंग, कुठूनही हवा जाता-येता कामा नये.

टू-स्ट्रोकला हे शंभर टक्के खरं आहे. लूनाच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतोच. पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण कार्ब्युरेटरमधून आधी केसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथेच दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेने वर चढतं. केस म्हणजे पंपच. सील गेलं की तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि गाडी गरम झाली की हात न लावता रेस होत राहते. उस्ताद कान लावून सांगायचे, “डावं सील गेलंय.” खोलून बघितलं की डावंच निघायचं. नऊ वर्षं मी हेच केलं. हवा बंद करण्यात माझा हात बसला होता. १९९८ साली सावेडीत स्वतःचं शटर घेतलं, तेव्हा पाटीवर ‘लूना स्पेशालिस्ट’ असं रंगवून घेतलं होतं.

मग लूना कमी होत गेल्या. पोट तर भरायचं होतं. बुलेटचं काम हळूहळू घेऊ लागलो. हत्यारं नवी घेतली, पाने मोठे घेतले, पण डोक्यातलं वाक्य तेच राहिलं.

फोर-स्ट्रोकमध्ये केसचं काम उलटं आहे. बुलेटच्या पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि चाल ९०, म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर जे चालतं त्याकडे सगळ्यांचं लक्ष. पण तो खाली येतो तेव्हा त्याच्या पोटाखालची तेवढीच, पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढी हवा केसमध्ये दाबली जाते. तीन हजार फेऱ्यांवर हे सेकंदाला पन्नास वेळा. जोडीच्या सिलिंडरच्या इंजिनात काही वेळा एक पिस्टन खाली तर दुसरा वर अशी सोय असते, हवा इकडची तिकडे होते. एकट्या सिलिंडरला ती सोय नाही. शिवाय रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायू, न जळलेलं पेट्रोल आणि वाफ खाली उतरत राहतेच. इंजिन अगदी नवं असलं तरी. ही हवा बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, तिलाच आपण ब्रीदर म्हणतो. जुन्या बुलेटला त्या वाटेवर रबराची चपटी चोच असते, बदकाच्या चोचीसारखी. आतून दाब आला की ओठ उघडतात, पिस्टन वर जाऊन ओढ लागली की मिटतात. बाहेर जायला वाट, आत यायला बंदी. त्या व्यापाऱ्याच्या गाडीची हीच नळी मी पट्टीने आवळून टाकली होती. दाबाला जिथे वाट मिळेल तिथून तो तेल घेऊन निघत होता, आणि मी एकेक वाट बुजवत त्याला शेवटी क्लचपर्यंत नेऊन सोडलं.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. माझ्या शटरशेजारी तेव्हा दोन गाळ्यांचं बांधकाम चाललं होतं. गवंडी दुपारी भाकरी खायला बसला होता. त्याची लेव्हलची नळी, ती पाणी भरलेली पारदर्शक, वाळूवर पडली होती. दोन टोकांना पाणी एका पातळीत येतं, त्यावरून तो भिंतीवर खुणा करायचा. ती बघून वाटलं, याच्या एका टोकाला इंजिन जोडलं तर? केसमध्ये दाब असेल तर पाणी लोटलं जाईल, ओढ असेल तर ओढलं जाईल. दिसेल तरी.

गवंडी म्हणाला, “न्या, पण ऑइल लावू नका तिला.” मी हो म्हटलं आणि तासाभरात लावलं. नंतर त्याला नवी आणून दिली.

बुलेटच्या सिलिंडरच्या बुडाशी, पुशरॉड असतात तिथे, एकाच नटावर बसणारं एक झाकण असतं. भंगारातलं तसलं एक जुनं झाकण घेतलं, त्याला भोक पाडलं, शेजारच्या रेडिएटरवाल्याकडून त्यात पितळी निप्पल डाखून घेतलं. नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली. पाणी नीट दिसावं म्हणून घरची कपड्यांची नीळ घातली. किक मारली आणि निळं पाणी थेट माझ्या तोंडावर. एका सिलिंडरचे हिसके एवढे जोराचे असतात की पाणी ठरतच नाही. मग भंगारातल्या कार्ब्युरेटरचा बारीक जेट काढला आणि नळीत मधे दाबून बसवला. हिसका त्या बारीक भोकात अडकायचा, पलीकडे सरासरी पोचायची. ही युक्ती कशी सुचली ते आता नीट आठवत नाही. बहुधा दुसऱ्यांदा तोंड धुताना.

नळी आवळलेलीच ठेवून गाडी चालू केली. पाणी उघड्या बाजूला चढत गेलं, आणि रेस दिली तसं फळीच्या वरून सांडलं. मग पट्टी कापली, नळी सरळ केली. पाणी दोन्हीकडे नाचत, जवळपास सारखं. चोच काढून पाहिली तर रबर वाळून कडक झालं होतं, ओठ मिटतच नव्हते. नवी चोच लावली आणि पाणी इंजिनाच्या बाजूला चढलं. चार बोटं. मी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा चार बोटं. म्हणजे आता केसमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब होता. फटीतून तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जात होती. टॅपेटच्या झाकणाचं पॅकिंग मी मुद्दाम जुनंच लावलं होतं, तरी पंधरा मिनिटांत तिथे ओलसुद्धा दिसली नाही.

तो व्यापारी गाडी न्यायला आला तेव्हा खरं काय ते सांगितलं. नळी मीच आवळली होती. घेतलेले पैसे परत दिले. त्याने मोजून खिशात घातले, काही बोलला नाही. पण पुढे पाच-सहा वर्षं तो माझ्याकडेच येत राहिला.

नव्या विद्येचा माज असतो तसा मला ब्रीदरचा चढला. वर्षभर मी दिसेल त्या बुलेटची नळी बदलत होतो. ‘पँटवर तेल उडतं’ ही तक्रार काही संपली नव्हती, आणि नळी बंद करता येत नाही हे कळल्यावर ती न्यायची कुठे हाच प्रश्न उरला होता. त्या वर्षात मी ज्या चुका केल्या त्यांची यादी मोठी आहे.

पहिली चूक सलाइनच्या नळीची. स्वस्त, पारदर्शक, दिसायला छान. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि ओढ लागली की आतल्या आत चिकटते. म्हणजे पुन्हा आवळलेली नळी, फक्त या वेळी दिसत नाही. त्याशिवाय तेलाने ती वर्षभरात फुगते किंवा तडकते. पेट्रोल-तेलाला टिकणारी जाड रबरी नळी चौपट पैशांना मिळायची, आणि गिऱ्हाइकाला नळीचे एवढे पैसे कशाचे हे पटवताना घाम निघायचा.

दुसरी चूक माझ्या अंगावर आली. स्वतःच्या गाडीची नळी मी चेनगार्डवरून थेट मागे, नंबर प्लेटखाली नेली. म्हटलं, तेल उडेल ते मागे उडू दे. पाथर्डीला एका लग्नाला निघालो होतो. करंजी घाटातल्या एका डाव्या वळणावर मागचं चाक जे निसटलं ते थेट डबराच्या ढिगाऱ्यापर्यंत. खांद्याचं हाड सरकलं. माणसं गोळा झाली, कुणी पाणी पाजलं, आणि मी रस्त्यावर बसून टायरला बोट लावून बघत होतो. डाव्या कडेला तेलाचा पातळ थर, वर नगरची धूळ, बोटाला काळी मलई लागावी तसं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि नळीतून निघालेली तेलाची वाफ तो परत टायरवर आणून बसवतो. जुन्या गाड्यांची नळी चेनकडे सोडायचे ते चेनला वंगण मिळावं म्हणून, पण ती सोडण्याची जागा कंपनीच्या लोकांनी विचार करून ठरवलेली असते. मी ती अंदाजाने दीड हात मागे नेली. एवढाच फरक. त्या आठवड्यात, एक हात गळ्यात बांधलेला असताना, मी तशा नळ्या बसवलेल्या सातही गिऱ्हाइकांना फोन करून बोलावून घेतलं. दोघांनी विचारलं, “मिस्त्री, फुकट का?”

तिसरी चूक बाटलीची. नळी चेसिसला बांधलेल्या बाटलीत सोडायची, तेल बाटलीत साठेल, वेळोवेळी ओतून टाकायचं. युक्ती चांगली आहे, मोठ्या कंपन्याही डबी लावतात. पण माझी नळी बाटलीकडे जाताना मधे खाली लोंबत होती. भाळवणीकडचा एक दूधवाला होता, दोन किटल्या लावून रोज पहाटे निघायचा. घर ते डेअरी तीन-चार किलोमीटर, थांबत थांबत, इंजिन कधी धड तापायचंच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडं केसमध्ये उतरतं. इंजिन तापलं तर ते ब्रीदरमधून निघून जातं. नाही तापलं तर तेलात घुसळून त्याचं लोणी होतं. अगदी लोणीच, फिकट पिवळं. डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात ते नळीच्या लोंबत्या भागात घट्ट बसलं आणि ब्रीदर बुजला. दूधवाला नळी हातात घेऊन आला, पिळून दाखवली आणि म्हणाला, “डेअरीत फॅट लावून बघू का?” तेव्हापासून नळी आधी चढती, मग डबी, मग उतार. मधे कुठेही पोट नाही. आणि अशा कमी पल्ल्याच्या गिऱ्हाइकांना सांगतो की आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर मारून आणा, नेप्तीला जा, वांबोरीला जा, कुठेही जा.

तेल उडण्याचं कारण नळीत नसतंच, असंही बऱ्याचदा निघतं. जुन्या बुलेटचं तेल केसच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात असतं आणि पंप ते फिरवतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत खाली क्रँकशी जमा होतं. मालक सकाळी कांडी काढून बघतो, तेल कमी दिसतं, तो अर्धा लिटर ओततो. गाडी चालू होते, पंप खालचं तेल परत वर आणतो, आता कप्प्यात मावत नाही, आणि जादाचं ब्रीदरमधून पिचकारीसारखं बाहेर. मग तो माझ्याकडे येतो, नळी बदला म्हणून. कांडी बघायची ती गाडी फिरवून आणल्यावर लगेच. हे वाक्य मी आयुष्यात कितीदा बोललो असेन, मोजलेलं नाही. एका निवृत्त प्राध्यापकांना तीन वर्षं सांगत होतो. चौथ्या वर्षी त्यांनी गाडीच विकली.

शंभर सीसीच्या गाड्यांत हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. हिरो होंडासारख्या गाड्यांत ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेली. केसमधली वाफ पुन्हा इंजिनाने ओढायची आणि जाळायची. तेल जास्त भरलं की ते उलटं चढून फिल्टर भिजवतं, गाडी धूर सोडते, आणि घाईतला मिस्त्री बोअर-पिस्टन सांगून मोकळा होतो. एका बाईंची गाडी अशीच तीन हजारांचा अंदाज घेऊन माझ्याकडे आली होती. फिल्टर बदलला, दोन कप तेल काढलं, काम संपलं. त्या डब्याच्या तळाला एक आखूड बंद नळी लोंबते, जमलेलं तेल-पाणी काढायला. पायाच्या अंतरावर असते. माझ्याकडे आलेल्या शंभर गाड्यांत ती उघडणारा मालक एखादाच.

वाफ परत इंजिनाच्याच तोंडात नेण्याची ही कल्पना रणगाड्यांच्या दुनियेतही वापरली गेली, हे मला भिंगारच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. रणगाड्यांच्या सेंटरमधून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून गाड्या न्यायच्या तर उघड्या ब्रीदरमधून पाणी आत शिरेल, म्हणून क्रँककेसची हवा बाहेर न सोडता इंजिनातच परत वळवत. पुढे कॅलिफोर्नियात धुरक्याचा त्रास वाढला तेव्हा १९६१ पासून तिथल्या नव्या मोटारींना तीच सोय लावली गेली. म्हणजे ज्या वाफेने व्यापाऱ्याची पँट खराब होत होती, तीच अमेरिकेत शहराची हवा खराब करत होती. ते गृहस्थ मला एका रविवारी टँक म्युझियमला घेऊन गेले. मी प्रत्येक रणगाड्यामागे वाकून नळी कुठे निघते ते शोधत होतो. पहारेकऱ्याला संशय आला असावा.

२०२० च्या टाळेबंदीनंतर जे काम आलं ते वेगळंच. मार्चपासून गाड्या उभ्या. जूनमध्ये शटर उघडलं तर आठवड्यात तीन बुलेट, तिघींचं सील उडालेलं. पहिल्या दोन तर वर सांगितलेल्या प्रकारच्या, तेल खाली जमलेलं, एकदम चालू करून रेस दिली. तिसरीची नळी उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसेना. तार घातली, आतून मातीची गोळी निघाली. ती फोडली तर आत वाळलेल्या अळ्या. कुंभारमाशीने नळीच्या तोंडात घर केलं होतं. भिंतीत जुन्या खिळ्यांच्या भोकात करते तसंच, बरोबर बोटभर आत, तोंड लिंपून गुळगुळीत. असं लिंपण मला सीलंटने जमत नाही. तेव्हापासून उभ्या ठेवायच्या गाडीच्या नळीला मी जाळीचा तुकडा बांधून देतो. चहाच्या गाळणीची जाळी चालते.

आता येतात ती मुलं. नवी गाडी, एअर फिल्टरचा डबा काढून टाकलेला, उघडा फिल्टर लावलेला, आणि ब्रीदरच्या नळीचं तोंड रिकामं. “काका, तिथे ते छोटं मशरूम फिल्टर बसवून द्या.” त्यांचं म्हणणं असं की तेलकट वाफ आत गेली की पॉवर कमी होते. तेलकट वाफेने आतली वाट काळी होते यात थोडं तथ्य आहे, खोटं कशाला सांगू. पण २०१७ पासूनच्या बीएस-४ आणि २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत वाफ परत घेण्याचा हिशोब धरूनच सगळं जुळवलेलं असतं, नळी काढली की हिशोब मोडतो. मान्यतेच्या चाचणीत क्रँककेसमधली वाफ हवेत सोडायची मुभा नसते, आणि अशा गाड्यांच्या चाचण्या आपल्याच शहरातल्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत होतात, हे ऐकून त्या मुलांना फार आश्चर्य वाटतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही गाडीत परस्पर फेरफार करायला मनाई करतं. ते सांगितलं की मुलं हसतात आणि पुढच्या गॅरेजात जातात. जाऊ देत. मी नाही म्हणतो ते कायद्यासाठी कमी आणि धुळीसाठी जास्त. ओढ लागते तेव्हा ते मशरूम आत काय घेतं? मनमाड रस्त्याची धूळ. बायपासला एक चक्कर मारून त्याचा स्पंज पिळून बघा.

जुन्या गाड्यांना मात्र मी अजून नळी फिरवून देतो. जाड नळी, चढता मार्ग, चांगली चोच किंवा मोटारीचा एकदिशा व्हॉल्व, डबी, आणि डबीतून पुढे एअर फिल्टरकडे. गाडी सोडण्याआधी नळीच्या टोकावर अंगठा धरून बघतो. निरोगी इंजिनात अंगठ्याला हलके धक्के लागतात आणि ओढ जाणवते. रिंगा गेलेल्या इंजिनात गरम फुंकर सतत येत राहते, जळक्याचा वास असतो, आणि अंगठा काढल्यावर त्यावर करडा ओलावा दिसतो. निळीच्या पाण्याची फळी अजून भिंतीला टांगलेली आहे, पण ती लागते ती शागीर्दांना दाखवायला.

अंगठ्याने कळतं, म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला जड जातं.

२००९ ची असेल. एक गिऱ्हाईक, जुनं, सवयीचं. त्याला बुलेट विकायची होती. रिंगा पूर्ण गेलेल्या, बोअर करायला हवं होतं, आणि जिथे सांधा तिथे तेल. तो म्हणाला, “बोअरचा खर्च मी कशाला करू? फक्त गळती थांबवा.” मला माहीत होतं कसं थांबवायचं. दुप्पट जाडीची नळी घातली, टायमिंग कव्हरवरून दुसरी वाट काढली, मोठी डबी साइड कव्हरआड दडवली. एवढी मोकळी वाट मिळाल्यावर केसमध्ये दाब राहिलाच नाही. इंजिन बाहेरून पुसून दिलं. पंधरा दिवस फिरवली, एक थेंब नाही. काम म्हणाल तर सुंदर होतं. सहाशे रुपये घेतले.

चार महिन्यांनी नेवाशाकडचा एक तरुण आला. नुकतंच लग्न झालेलं, ऊसतोडीच्या हिशोबाचं काम करायचा. दारात गाडी लावली तेव्हाच मी साइड कव्हरखालची होज क्लिप ओळखली. पक्कड लावून तिचं टोक मी आत वळवतो, पँट अडकू नये म्हणून. तो सांगत होता, गाडी तेल खाते, शंभर किलोमीटरला पाव लिटर, प्लग रोज काळा. मग कौतुकाने म्हणाला, “पण ज्या कुणी मिस्त्रीने काम केलंय ना, त्याला मानलं. गळत अजिबात नाही बघा, कुठंच नाही.”

मी नळीवर अंगठा धरला. धरायची गरज नव्हती.

इंजिन उतरवलं, बोअर करून आणलं, पिस्टन-रिंगा घातल्या. त्याच्याकडून फक्त सामानाचे पैसे घेतले. का, असं त्याने विचारलं तेव्हा पहिलंच काम आहे तुमचं, असं काहीतरी बोललो. अजून येतो तो, आता मुलाला टाकीवर बसवून. त्याला मी सांगितलेलं नाही. नळी आणि डबी तेव्हाचीच ठेवली आहे. ती बरोबर बसवलेली होती.